वाचनगट सोडावा का? जनसुरक्षा कायदा आणि खासगीपणाविषयी एक उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : धंतोलीत एका सदस्याच्या घरी दर रविवारी आपला वाचनगट भरतो, खाणी, वनहक्क आणि संविधान अशा विषयांवरचे लेखन तिथे वाचले जाते, प्रत्येकी १०० रुपये वर्गणी काढून झेरॉक्स आणि चहाचा खर्च भागवला जातो. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी संघटनांना बेकायदेशीर घोषित करण्याचा अधिकार सरकारला देणारे विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केल्यापासून घरचे गट सोडण्याचा आग्रह करीत आहेत आणि आजोबा, जे आणीबाणीत मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली नागपूरच्या कारागृहात होते, ते सर्वांत जास्त धास्तावले आहेत. 'मी काहीच लपवत नाही, मग भीती कसली' हे आपले म्हणणे बरोबर आहे का, असे आपण विचारले आहे.

मी २६ वर्षे नागपूर खंडपीठात फौजदारी बाजूची वकिली करतो. गट सोडण्याचे कारण मला दिसत नाही. मात्र आपण भरवसा चुकीच्या गोष्टीवर ठेवला आहे. आपण काय लपवता याला या कायद्यांत फारसे महत्त्व नाही. संशय घेणारा एक आणि तो संशय तपासून पाहणारा दुसरा, असे दोन वेगळे लोक आहेत का, यावर सारे अवलंबून आहे.

आधी सरकारची बाजू सांगतो, कारण नागपुरात बसून ती नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. १ मे २०१९ रोजी गडचिरोलीतील जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांचा वाहनचालक मारले गेले. माओवाद्यांविरुद्ध कठोर कायदा नको, असे तिथल्या घरांत जाऊन सांगण्याची माझी हिंमत नाही. पण कठोर कायदा आपल्याकडे १९६७ पासून आहे. तोच यूएपीए, म्हणजे बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा, २००४, २००८, २०१२ आणि २०१९ असा चार वेळा आणखी आवळला गेला, त्यामुळे नव्या कायद्याने नेमकी कोणती उणीव भरून काढली, हा प्रश्न विचारायला हवा.

डिसेंबर २०२४ च्या हिवाळी अधिवेशनात, आपल्याच विधानभवनात, हे विधेयक मांडले गेले आणि संयुक्त समितीकडे गेले. समितीकडे १२,००० हून अधिक हरकती-सूचना आल्या. कडव्या डाव्या आणि तत्सम संघटनांपुरताच हा कायदा आहे, असा उल्लेख त्यानंतर आला, ही सुधारणा मी मान्य करतो. तरी 'तत्सम' या शब्दाची हद्द कोणी आखायची? बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत सुव्यवस्थेत अडथळा आणणारेच नव्हे, तर तसा कल असणारे कृत्यही बसते. कृत्य पुराव्याने सिद्ध होते किंवा होत नाही. कल मात्र पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असतो. संघटना एकदा बेकायदेशीर घोषित झाली की तिच्या सदस्याने बैठकीला जाणे किंवा वर्गणी देणे यालाही तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ही घोषणा योग्य की अयोग्य, हे सल्लागार मंडळ तपासणार. अध्यक्ष उच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश, ते ठीक. पण तीन जणांत एक सरकारी वकील आहे. आयुष्यभर सरकारची बाजू मांडणाऱ्याने सरकारचाच आदेश तपासायचा, ही रचना मला पटत नाही.

आपल्या गटाविरुद्ध अशी घोषणा झालेली नाही, त्यामुळे आपण आज गुन्हेगार नाही. एवढे वडीलधाऱ्यांना ठामपणे सांगा.

यूएपीएत जामिनाची अट अशी आहे की, आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर न्यायालयाने जामीन देऊच नये. खटला उभा करण्यासाठी सरकारची पूर्वमंजुरी लागते आणि तिच्याआधी स्वतंत्र अधिकाऱ्याने पुरावा पाहायचा असतो, हीच काय ती गाळणी. माओवाद्यांशी संबंध असल्याचा आरोप झालेले दिल्ली विद्यापीठाचे प्रा. जी. एन. साईबाबा यांच्या प्रकरणात त्यांच्यापुरती ही मंजुरी न्यायालयाचे कामकाज सुरू झाल्यावर आली. त्याच मुद्द्यावर आपल्या खंडपीठाने १४ ऑक्टोबर २०२२ ला सर्व आरोपींना मुक्त केले. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. फेरसुनावणी होऊन ५ मार्च २०२४ ला खंडपीठाने पुन्हा निर्दोष ठरवले, तेही या वेळी मंजुरीसोबत पुरावा तपासून. त्यांच्यातील पांडू नरोटे ऑगस्ट २०२२ मध्येच कैदेत असताना वारले होते आणि साईबाबा सुटकेनंतर सुमारे सात महिन्यांनी गेले. त्यांचे विचार आपल्याला पटोत न पटोत, गाळणी वेळेवर वापरली गेली नाही याची किंमत आरोपींनी भरली.

आता फोन. यावर थोडे जास्त लिहितो, कारण इथे आपल्याला काही कळतच नाही. १८८५ च्या तार अधिनियमाखाली सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता असेल तरच फोन ऐकता येत असे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कार्यपद्धती घालून दिली. आता २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने आणि डिसेंबर २०२४ च्या नियमांनी त्याची जागा घेतली, पण आराखडा तोच राहिला. आदेश गृहसचिव काढतात, तो ६० दिवस चालतो, वाढवत १८० दिवसांपर्यंत नेता येतो. राज्यात तो तपासणारी समिती मुख्य सचिव आणि इतर दोन सचिवांची असते. न्यायाधीश कुठेच नाही. केंद्रातील अशाच समितीविषयी, वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा अभ्यास करणाऱ्या न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात लिहिले की, दोन महिन्यांतून एकदा भरणाऱ्या प्रत्येक बैठकीपुढे १५,००० ते १८,००० आदेश असतात. मी कागदावर भागाकार करून पाहिला : बैठक सलग आठ तास चालली, कोणी पाणी प्यायलाही उठले नाही, तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदसुद्धा येत नाहीत. तेवढ्या वेळात फाईलची दोरी सुटत नाही.

ज्याचा फोन ऐकला त्याला नंतरही कळवण्याची तरतूद नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये असे तीन आदेश रद्द करून ध्वनिमुद्रणे नष्ट करायला लावली खरी, पण ती दाद आरोपीला मागता आली ती खटला झाला म्हणून. ज्याच्यावर खटलाच झाला नाही, तो दाद कशाविरुद्ध मागणार? माहितीच्या अधिकारातून गुप्तचर यंत्रणा जवळपास पूर्ण वगळलेल्या आहेत, आणि २०२३ च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यातही सुरक्षेच्या कारणाने हव्या त्या शासकीय यंत्रणेला सूट देण्याची मुभा केंद्राने स्वतःकडे ठेवली आहे.

आपल्या आजोबांची धास्ती वयाची नाही, अनुभवाची आहे. मिसाखालील स्थानबद्धांचे अर्ज ऐकण्याचा आपल्याला अधिकार आहे, असे ज्या उच्च न्यायालयांनी तेव्हा सांगितले, त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठही होते. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ती सगळी दारे बंद केली. त्या चारांत न्या. यशवंत चंद्रचूड होते; २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा मूलभूत हक्क ठरवताना त्यांच्याच चिरंजीवांनी तो निकाल चुकीचा ठरवला. मधे ४१ वर्षे गेली. निर्बंध घालायचा तर कायदा हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय प्रमाणात हवा, ही २०१७ ची कसोटी आज आमच्या प्रत्येक अर्जात असते.

गटापुरते सांगायचे तर वर्गणीचा हिशेब वहीत ठेवा, पावती द्या, वाचलेल्या लेखांची यादी उघड ठेवा. हजेरीपटावर पूर्ण नावे आणि मोबाईल क्रमांक लिहिण्याची मात्र गरज नाही. चहाला किती माणसे होती एवढे पुरे. कोणाला अटक झालीच, तर कारणे लेखी मागा. यूएपीएतही ती लेखी द्यावी लागतात, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

आणि फोन जप्त झाला तर पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका. माझ्या एका विद्यार्थी पक्षकाराच्या पंचनाम्यात 'एक काळ्या रंगाचा मोबाईल, काचेला तडा' एवढेच लिहिले होते. आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) नाही, हॅश व्हॅल्यू (आतला मजकूर पुढे बदलला तर ते उघड करणारा सांकेतिक आकडा) नाही. १४ महिन्यांनी मुद्देमाल न्यायालयात उघडला तेव्हा खाकी पाकिटावरची लाख शाबूत होती आणि आतल्या फोनची काच अखंड होती. साईबाबा प्रकरणातही, दिल्ली विद्यापीठाच्या आवारात शिकलेल्या माणसांची वाण नसताना, इलेक्ट्रॉनिक जप्तीला निरक्षर पंच घेतल्याबद्दल खंडपीठाने ताशेरे ओढले होते. १ जुलै २०२४ पासून झडती आणि जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे आहे, तेव्हा चित्रीकरण सुरू आहे ना, हे आधी विचारा. आयएमईआय क्रमांक आपल्यासमोर लिहून घ्या. फोनमधील मजकुराची प्रत तिथेच काढली जात असेल तर हॅश व्हॅल्यूही लिहायला सांगा. नकार मिळाला, तर सहीच्या वर 'मागणी करूनही नोंद केली नाही' एवढे स्वतःच्या अक्षरात लिहा आणि मगच सही करा.