बोर्ड बदलायच्या आधी मधला साउंडबार काढून बघा

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि जुनी जखम उघडी पडली. ५५ इंची ४के (म्हणजेच २१६०पी) टीव्ही, नेटवरचे सिनेमे टीव्हीवर दाखवणारी नवी कोरी स्टिक, २०० एमबीपीएसचं फायबर, तरी स्टिकच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये त्याहून खालचं १०८०पीच येतं. हाताने २१६०पी निवडलं की स्क्रीन काळी होते आणि थोड्या वेळाने आपोआप मागे येते. वर सर्व्हिसवाले म्हणतायत टीव्हीचा मेन बोर्ड (आतलं मुख्य सर्किट) गेलाय. २०२२ मध्ये माझ्या घरी अगदी हेच झालं होतं. स्टिक लावणं, वायफाय, लॉगिन हे तुम्ही केलेलंच आहे, त्यात शिरत नाही.

तुमच्या फोटोत टीव्हीखाली साउंडबार (लांबट स्पीकर) आहे आणि स्टिक त्याच्या मागे खोचलेली दिसतेय. माझा संशय तिथेच आहे. मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस नाही आणि तुमचा टीव्ही समोर बसून पाहिलेला नाही, तेव्हा शंभर टक्के खात्री देत नाही. पण करून बघायला पाच मिनिटं लागतात आणि एक पैसा लागत नाही.

माझ्याकडचा साउंडबार २०१४ चा होता. आवाज अजूनही उत्तम, म्हणून नवा टीव्ही घेतला तेव्हा तोच ठेवला. सुताराने युनिट करताना साउंडबारपासून एकच वायर वर टीव्हीला नेली आणि साउंडबारला लावलेल्या स्टिकसकट बाकी सगळं खालच्या कप्प्यात गेलं. दिसायला छान, आणि मी मांडणी तशीच हवी म्हणून हट्ट धरला होता. हीच माझी सगळ्यात महागडी चूक.

चित्र काही खुलेना म्हणून सर्व्हिस सेंटरला फोन केला. पहिला माणूस आला, चित्र-आवाज नेणारी एचडीएमआय केबल बदलली, १,२०० रुपये घेतले. दुसऱ्याने फॅक्टरी रीसेट मारला. आईने एकेक करून लावलेले तिच्या आवडीचे चॅनेल सगळे पुसले गेले, ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. तिसरा म्हणाला, मेन बोर्ड, १४,००० रुपये. दर भेटीचा चार्ज वेगळा. तिघांपैकी एकानेही खालचा कप्पा उघडून पाहिलं नाही की स्टिक आणि टीव्हीच्या मध्ये आणखी काय आहे. नेट किती आहे, एवढं मात्र प्रत्येकाने विचारलं. या सगळ्यात सात महिने गेले आणि नेटफ्लिक्सच्या प्रीमियम प्लॅनचे महिन्याला ६४९ मी भरत होतो, केवळ ४के साठी. आजही लिहिताना राग येतो. माणूस विश्वासाने बोलावतो हो, आणि घरात येऊन कोणी नीट बघतसुद्धा नाही.

उलगडा झाला गणपतीत. मखरासाठी युनिट सरकवलं, साउंडबार काढून आतल्या खोलीत ठेवला, आणि रात्री पोरांनी स्टिक थेट टीव्हीच्या मागे लावली. रिमोटवरचं इन्फोचं बटण दाबलं तर कोपऱ्यात ३८४० x २१६०, ६० हर्ट्झ, म्हणजे पूर्ण ४के, सेकंदाला ६० चित्रं. मी तीनदा दाबून पाहिलं. तोच टीव्ही, तीच स्टिक, तोच बोर्ड.

कारण असं. नेटवरून ४के चित्र दाबून, बारीक करून येतं, त्याला साधारण १५ एमबीपीएस पुरतात. स्टिक ते उलगडते आणि मग एचडीएमआयवरून टीव्हीकडे पाठवते, तेव्हा ४के ६० हर्ट्झला सेकंदाला जवळजवळ १८ गिगाबिट लागतात, म्हणजे हजारपटीहून जास्त. त्यामुळे स्पीड टेस्टचा आकडा कितीही मोठा आला तरी या शेवटच्या फूटभर रस्त्याबद्दल तो काहीच सांगत नाही. जुन्या साउंडबारमधलं एचडीएमआय १.४ जातं १०.२ गिगाबिटपर्यंत. शिवाय ४के ला एचडीसीपी २.२ नावाचं, चोरून कॉपी करणं रोखणारं कुलूप असतं. मधल्या एका जरी उपकरणाला ते येत नसेल तर ॲप गुपचूप १०८०पी वर उतरतं, एररसुद्धा दाखवत नाही. तुमची काळी स्क्रीन म्हणजे बहुधा हेच: मधल्याला न झेपणारं चित्र तुम्ही त्याच्या अंगावर टाकताय.

तेव्हा स्टिक थेट टीव्हीत लावा. टॉर्च घेऊन पोर्टजवळची बारीक अक्षरं वाचा. एकावर एआरसी लिहिलेलं असेल, तो साउंडबारसाठी मोकळा ठेवा, म्हणजे आवाज टीव्हीतून उलटा खाली जाईल. त्यासाठी टीव्हीत सीईसी (जोडलेल्या उपकरणांना एकमेकांशी बोलू देणारं सेटिंग) चालू लागतं. ऑप्टिकल वायरनेही आवाज येतो, पण ॲटमॉस (डॉल्बीचा चहूबाजूंनी येणारा आवाज) त्यातून जात नाही. तुमच्या साउंडबारला ॲटमॉस नसेल तर सोडून द्या.

थेट लावूनही १०८०पीच आलं तर टीव्हीत त्या पोर्टला पूर्ण ताकदीचं चित्र घेऊ देणारं सेटिंग बघा. बऱ्याच टीव्हींवर ते कंपनीतून बंद येतं आणि प्रत्येक पोर्टचं वेगळं असतं. सॅमसंगवर ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीवर ‘एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर’, सोनीवर ‘एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट’ मध्ये ‘एन्हान्स्ड’. काही मॉडेलमध्ये चारपैकी दोनच पोर्ट पूर्ण ताकदीचे असतात, तेव्हा पोर्ट बदलूनही बघा.

एक गोष्ट लोक गोंधळतात. इन्फोमध्ये २१६०पी दिसलं म्हणजे वायरीचा रस्ता मोकळा झाला, एवढंच. सिनेमा ४के आहे हे त्यावरून कळत नाही, कारण स्टिक साधं एचडीसुद्धा ताणून २१६०पी करून पाठवते. ते तपासायला यूट्यूबवर एखादा ४के व्हिडिओ लावून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ (व्हिडिओची तांत्रिक माहिती) चालू करा आणि ‘करंट’चा आकडा वाचा. जुन्या मराठी सिनेमावरून टीव्हीची परीक्षा करू नका. मूळ प्रतच तेवढी असते, स्टिक त्यात नवीन काही भरू शकत नाही.

केबलवर हजारो रुपये घालवू नका. ‘प्रीमियम हाय स्पीड’ असं प्रमाणित लेबल असलेली, दोन मीटरच्या आतली साधी केबल पुरते. भिंतीतून जुनी लांब केबल नेलेली असेल तर मात्र तिच्यावर विश्वास ठेवू नका. चित्रात चमचम ठिपके येणं, मध्येच दोन सेकंद काळं होणं, हे केबलचं लक्षण असू शकतं. स्टिकला वीज तिच्या ॲडॅप्टरनेच द्या, टीव्हीच्या यूएसबीतून नको. तो पोर्ट बऱ्याचदा अर्धा अँपिअरच देतो आणि स्टिक ऐन वेळी रीस्टार्ट होते.

हे आता माझं वैयक्तिक मत, पटलं तर घ्या. एचडीआर (उजेड-अंधार आणि रंग जास्त खुलवणारा पर्याय) ‘कायम चालू’ ठेवू नका, ‘ॲडॅप्टिव्ह’ ठेवा, नाहीतर साध्या मालिकांचे रंग विचित्र दिसतात. फ्रेम रेट जुळवण्याचा पर्याय चालू करा. सिनेमा २४ फ्रेमचा असतो, तो ६० हर्ट्झमध्ये कोंबला की कॅमेरा हळू फिरताना चित्र अडखळतं. प्रत्येक ॲप हे मानत नाही आणि सुरुवातीला क्षणभर स्क्रीन काळी होते, पण ती काळी स्क्रीन बिघाडाची नाही. आणि टीव्हीतलं मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारं सेटिंग) बंद, सिनेमा नाटकासारखा दिसतो त्याने.

बोर्डाचं म्हणाल तर हे सगळं करून होईपर्यंत एकही पैसा देऊ नका. त्यांना निदान लेखी मागा, कोणता पार्ट आणि कशावरून. माझ्याकडच्या तिसऱ्या माणसाने लेखी द्यायचं नाव काढताच विषय बदलला होता. तरी रेटायला लागले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे, तिथे तक्रार नोंदवता येते. मी तेव्हा नोंदवली नाही, नोंदवायला हवी होती.

आज रात्री स्टिक थेट लावा आणि इन्फोमध्ये काय आकडा येतो तो इथे लिहा. साउंडबारचा मॉडेल नंबर आणि टीव्हीच्या पोर्टवरची अक्षरंही टाका, म्हणजे पुढचं बघता येईल.