पारदर्शक साहित्य वापरूनही माझी सुंगटाची फ्लाय प्लास्टिकसारखी का दिसते?

तुम्ही लिहिलंय की चणकासाठी (खाडीतला मोठा शिकारी मासा) सुंगटाची, म्हणजे कोळंबीच्या रूपाची फ्लाय (गरीवर धागे-तंतू बांधून केलेलं नकली आमिष) बांधताय, मागवलेलं सगळं साहित्य पारदर्शक आहे, तरी तयार फ्लाय निर्जीव आणि ठोकळ्यासारखी दिसते, तर आणखी कुठलं साहित्य घ्यावं? माझं मत विचाराल तर नवं काहीच घेऊ नका. तुमची अडचण वरच्या आवरणात नसून आत आहे.

काळपट गरी, तिच्यावर गडद दोऱ्याचे वेढे, त्यावर साठलेला गोंद हे सगळं हातात धरल्यावर लपतं आणि पाण्यात उघडं पडतं. कोरड्या तंतूंमध्ये हवा अडकलेली असते, तिच्यामुळे प्रकाश विखुरतो आणि तंतू पांढुरके दिसतात. भिजले की प्रकाश आरपार जातो आणि मधोमध गरीचा काळा दांडा दिसू लागतो. म्हणून फ्लाय टेबलावर कधीच पारखू नये. पाण्याने भरलेल्या काचेच्या ग्लासात सोडून, उजेडासमोर धरून बघायची.

ही गोष्ट जुन्या लोकांनाही कळली होती. इंग्लंडमधले विमान-अभियंते जे. डब्ल्यू. डन यांनी १९२४ साली ट्राउट माशासाठीच्या ड्राय फ्लायबद्दल, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायबद्दल, हेच मांडलं. ते गरीचा दांडा पांढरा रंगवायचे, त्यावर कृत्रिम रेशीम गुंडाळायचे आणि तेल लावायचे. तेलाने रेशीम पारदर्शक व्हायचं, आणि खालच्या पांढऱ्यावरून परतणाऱ्या प्रकाशामुळे अंग आतून उजळल्यासारखं दिसायचं. मी दांड्याला पांढऱ्या नेलपॉलिशचे दोन हात देतो. एवढ्या एका बदलाने तुमच्या फ्लायमध्ये सर्वांत जास्त फरक पडेल.

आता सुंगट नीट बघा. बाजारातलं बर्फावरचं नको, मेल्यावर ते पांढुरकं आणि अपारदर्शक होत जातं. गुलाबी-तांबडा रंग तर शिजल्यावरचा. कवचातलं रंगद्रव्य जिवंतपणी प्रथिनाशी बांधलेलं असतं, उष्णतेने ते सुटतं आणि लाल दिसतं. तेव्हा खऱ्यासारखी फ्लाय हवी असेल तर गुलाबी धागे बाजूला ठेवा. जिवंत सुंगट ग्लासात घालून खिडकीसमोर धरलं की अंग जवळजवळ दिसतच नाही. दिसतात त्या मोजक्या गोष्टी: दोन काळे डोळे, डोक्याच्या भागातला गडद गोळा, पाठीतून गेलेली आतड्याची रेघ, आणि शेपटीच्या पंख्याची कड. फ्लायमध्येही गडद काही असेल तर एवढंच असावं, आणि डोळे सोडले तर तेही आवरणाच्या आत.

फ्लाय उलटी बांधा, म्हणजे डोळे गरीच्या बाकाकडे आणि शेपटी नेढ्याकडे. घाबरलेलं सुंगट शेपटी पोटाखाली झटकन मिटून मागे उसळतं. तुम्ही दोर खेचाल तेव्हा फ्लायही तशीच जायला हवी. दोरा पारदर्शक नायलॉनचा घ्या, शिवणसाहित्याच्या दुकानात ‘इनव्हिजिबल थ्रेड’ म्हणून मिळतो. तो ताणला जातो आणि वेढे सैल पडू शकतात, म्हणून शेवटच्या गाठीवर यूव्ही रेझिनचा (अतिनील दिव्याखाली घट्ट होणारा पारदर्शक राळेसारखा द्रव) थेंब हवाच. डोक्याच्या जागी ऑलिव्ह रंगाचं डबिंग (दोऱ्यावर पिळून गुंडाळायचे सुटे तंतू) अगदी थोडं, आणि आतड्यासाठी दांड्याच्या वरून एकच तपकिरी धागा. पायांसाठी मला ऑर्गंझाची, म्हणजे पातळ आरपार दिसणाऱ्या कापडाची रिबन फार आवडते. कडेचे उभे धागे ओढून काढले की आडवे धागे सुटे राहतात आणि पाण्यात पायांसारखे हलतात. पाठीवर पातळ पॉलिथिनची पट्टी ठेवून तिच्यावरून ०.१५ मिमी नायलॉनचे वेढे दिले की कवचाचे भाग पडतात.

डोळ्यांसाठी ०.८ मिमी जाडीच्या नायलॉन दोराचं टोक लायटरने वितळवा, आपोआप गोळी होते, तिला काळी नेलपॉलिश लावा. हे फ्लुरोकार्बन दोराने मात्र करू नका. तो जळताना हायड्रोजन फ्लोराइडचा विषारी वायू निघतो.

आता यूव्ही रेझिन. नायलॉनचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) साधारण दीड, पाण्याचा १.३३, आणि रेझिन पुन्हा दीडच्या आसपास. त्यामुळे नायलॉनचे तंतू पाण्यात थोडेफार दिसतात, पण रेझिनमध्ये बुडाले की पाण्यातल्या बर्फासारखे जवळजवळ नाहीसे होतात. न्यू जर्सीच्या बॉब पोपोविक्स यांनी इपॉक्सी आणि कृत्रिम केस वापरून छोट्या माशांच्या ज्या प्रसिद्ध फ्लाय बांधल्या, त्यांचं मर्म हेच आहे. पण याच गुणामुळे रेझिनखालची प्रत्येक चूक कायमची दिसत राहते. बुडबुडा पांढरा ठिपका होऊन बसतो, तेव्हा दिवा लावण्याआधी सुईने फोडा. थर पातळ द्या आणि प्रत्येक थर वेगळा घट्ट करा. जाड थर आत कच्चा राहतो आणि तापतोही. वर राहिलेला चिकटपणा हवेतल्या ऑक्सिजनमुळे असतो, स्पिरिटने पुसला की जातो. रेझिन फक्त डोकं आणि पाठ एवढ्यावरच द्यावं. सगळ्या अंगावर चढवलंत तर फ्लाय काचेच्या खेळण्यासारखी ताठ होईल, आणि माझ्या मते हालचाल गेलेली फ्लाय कितीही सुंदर असली तरी ती शोभेचीच. बाटली खिडकीत ठेवू नका, आपल्या उन्हात रेझिन आपोआप जमतं. हातमोजे नायट्राइलचे घाला. कच्च्या रेझिनची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही.

गरी टिनचा मुलामा दिलेली किंवा स्टेनलेसची घ्या. खाऱ्या पाण्यात साधी गरी गंजते आणि तो तपकिरी डाग पारदर्शक अंगातून स्पष्ट दिसतो. परत आल्यावर गोड्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवूनच डबीत ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच.

पण ही फ्लाय सदासर्वकाळची नाही. जुलै-ऑगस्टमध्ये गोव्यातल्या मांडवी, शापोरा या नद्या लाल गढूळ असतात. तेव्हा पारदर्शकपणा वाया जातो, काळी किंवा जांभळी, ठळक आकाराची फ्लाय बांधा. पाणी निवळल्यावर, भरतीचं स्वच्छ पाणी नदीत शिरतं तेव्हा ही बाहेर काढा. ओहोटी लागली की खाजनातलं (बांध घालून राखलेली खाडीकाठची शेतजमीन) पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, नदीत पडतं, त्याबरोबर सुंगटं आणि बारीक मासळी येते, आणि चणक तिथे टपून असतो. फ्लाय प्रवाहाबरोबर वाहू द्या, मधूनच एक छोटा झटका. चणकाच्या कल्ल्याची कड धारदार असते, म्हणून शेवटचा हातभर दोर जाड ठेवा. आणि मानशीच्या तोंडाशी गरवण्याआधी, ज्यांनी पावणीत, म्हणजे लिलावात, तिथली मासळी घेतली असेल त्यांना विचारा. पैसे मोजून घेतलेला त्यांचा तो हक्क आहे.