एलईडी टीव्हीची स्क्रीन काच पुसायच्या स्प्रेने पुसली तर चालेल का?

नाही, अजिबात वापरू नका. कोरडं मायक्रोफायबरचं कापड पुरतं, आणि डाग हटला नाही तरच तेच कापड आरओच्या पाण्याने किंचित ओलसर करून घ्या. मी टीव्ही दुरुस्तीचं काम करतो. बहुतेक एलईडी टीव्हीला समोर काच नसतेच, प्लास्टिकची पातळ फिल्म असते आणि तिच्यावर चकाकी कमी करणारा लेप असतो. स्प्रेतल्या अमोनियाने किंवा अल्कोहोलने तो लेप उडतो, मग पांढुरके पट्टे राहतात ते कायमचे. त्याहून वाईट म्हणजे थेट स्क्रीनवर फवारणं: थेंब ओघळत खालच्या पट्टीच्या आत शिरतो. कित्येक पॅनलमध्ये तिथेच चित्राचे सिग्नल नेणाऱ्या नाजूक पट्ट्या चिकटवलेल्या असतात. त्या गंजल्या की पडद्यावर उभ्या रेघा येतात, आणि पॅनल बदलायचा खर्च जवळपास नव्या टीव्हीइतका जातो.

पुसताना एवढं सांभाळा:
- टीव्ही बंद करून प्लग काढा, स्क्रीन गार होऊ द्या. काळ्या पडद्यावर बोटांचे ठसेही नीट दिसतात.
- हात हलका ठेवा. दाबलं तर पिक्सेल मरतात.
- बोअरचं पाणी नको, क्षारांचे ठिपके उमटतात. टिश्यू पेपर आणि जुना बनियनही नको, ओरखडे पडतात.

काही मॉनिटर आणि लॅपटॉपना समोर खरी काच असते, त्यांच्या मॅन्युअलमध्ये सौम्य अल्कोहोल चालतं असं लिहिलेलं असतं. तसं स्पष्ट लिहिलं असेल तरच ते वापरा.