भूगोलाच्या तासाला काय चाललंय, हे पालकांना कसं कळवावं?

तुमचा प्रश्न असा की, सिंधुदुर्गातल्या माध्यमिक शाळेत नुकतेच भूगोल शिकवायला लागला आहात, पालकसभेला मोजकेच पालक येतात, आलेले गणित-इंग्रजीचं विचारून निघून जातात, मग भूगोलाचं त्यांच्यापर्यंत पोचवायचं कसं? मी रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या शाळेत बरीच वर्षं हाच विषय शिकवते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी आपले पालक कोण ते बघा. बऱ्याच मुलांचे वडील मुंबईला, नाहीतर बोटीवर. घरी आई आणि आजी-आजोबा. आई काजूच्या कारखान्यात, आंब्याच्या बागेत किंवा मासळी बाजारात. दुपारी तीनची सभा म्हणजे तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. ती आली नाही म्हणून तिला मुलाच्या अभ्यासाचं काही पडलेलं नाही, असं कृपा करून समजू नका. सभेवर विसंबून राहू नका, एवढाच त्याचा अर्थ.

मी दर शनिवारी शाळा सुटायच्या आधी फळ्यावर चार-पाच ओळी लिहून देते. पुढच्या आठवड्यात कोणता धडा, मुलाने काय आणायचं, आणि घरच्यांना विचारायचा एक प्रश्न. मुलं वहीत उतरवून घेतात, घरी वाचून दाखवतात, खाली सही किंवा अंगठा आणतात. तेच मी माझ्या आवाजात रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर टाकते. ज्या आजीला अक्षर लागत नाही तीही ऐकते, आणि मुंबईतल्या वडिलांनाही त्याच दिवशी कळतं. हे सगळं धडा सुरू व्हायच्या आधी गेलं पाहिजे. शिकवून झाल्यावर पाठवलेल्या सूचनेचं घरात कोणी काही करू शकत नाही.

खरी मेहनत त्या एका प्रश्नावर घ्या. उत्तर पुस्तकात नसून घरात असेल असा प्रश्न शोधायचा. सातवीला भरती-ओहोटीचा धडा आहे. त्या आठवड्याची माझी चिठ्ठी साधारण अशी असते: 'सोमवारपासून भरती-ओहोटी शिकणार आहोत. आज तिथी कोणती आणि आपल्या धक्क्याला भरती किती वाजता लागते, हे घरच्या मोठ्यांना विचारून लिहून आणा. त्यांनी ही वेळ कशी काढली तेही लिहा.'

किनाऱ्यावरच्या घरांत हिशेब ठाऊक असतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. पौर्णिमा-अमावास्येनंतर मोजणी पुन्हा एकपासून. चंद्रामुळे भरती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते, हे पुस्तकातलं वाक्य आणि तिथीमागे पाऊण तास हा आजोबांचा हिशेब, दोन्ही जवळपास एकच आहेत हे मुलांना फळ्यावर मांडून दाखवलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. एका मुलीच्या वहीत तिच्या आजोबांनी मी फळ्यावर काढलेली वेळ खोडून स्वतःची लिहिली होती. शेजारी वाकड्या अक्षरात शेरा: 'ही बंदरातली वेळ. आमच्याकडे पाणी उशिरा चढतं.' बरोबरच होतं त्यांचं. खाडीच्या मुखाशी भरती आधी लागते, आत वर उशिरा. ते पान मी वर्गात वाचून दाखवलं, आणि आजोबांना तसं कळवलंही. खडकांवरची कालवं (शिंपले) काढायला जाणाऱ्या आया तर उधाण (पौर्णिमा-अमावास्येची मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या आसपासची लहान भरती) यांतला फरक आपल्यापेक्षा नेमका सांगतात. पाणी किती मागे हटणार यावर त्यांची त्या दिवसाची कमाई असते. ज्या घरातून असं उत्तर येतं, त्या घराला भूगोलाच्या तासाला काय चाललंय हे वेगळं सांगावं लागत नाही.

तुमचे विद्यार्थी किनाऱ्यापासून लांब घाटाखालच्या गावांतले असतील, तर प्रश्न बदला. नववीच्या वृष्टीच्या धड्याला मी विचारते, 'तुमच्या विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यात तळाला जातं?' तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात उन्हाळ्यात टँकर का येतो, यावर घरोघरी मत असतं. सह्याद्रीने वारे अडवल्यामुळे पडणारा प्रतिरोध पाऊस, तीव्र उतार, आखूड नद्या आणि पाणी झिरपू देणारा जांभा दगड ही कारणं मग त्या मतांना जोडून शिकवता येतात. सरळ कडांच्या बाटलीचं पर्जन्यमापक करून मुलं रोज पाऊस मोजतात. तेव्हा पालकांना एवढं जरूर कळवा, की 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 चौरस मीटर जागेवर 1 लीटर पाणी. 50 चौरस मीटरच्या छपरावर 100 मिलिमीटर पाऊस झाला तर 5000 लीटर. हा हिशेब पालक लक्षात ठेवतात. चिपळूणच्या बाजूच्या शाळांत 22 जुलै 2021 च्या पुराचं पाणी घरात कुठवर आलं होतं हेही विचारता येईल. मात्र ज्या घरात त्या पुराने मोठं नुकसान झालं, तिथल्या मुलाला भाग पाडू नका.

क्षेत्रभेटीचं पत्र मात्र वेगळं आणि पूर्ण लिहा. 'उद्या सहलीला पाठवावे' एवढ्यावर समुद्रकिनारी मूल पाठवायला आई घाबरते, आणि तिचं घाबरणं रास्त आहे. निघायची आणि परतायची वेळ, एसटी कोणती, सोबत कोण शिक्षक, पायात काय घालायचं आणि त्या दिवशीची ओहोटीची वेळ हे सगळं पत्रात असू द्या. मी शक्यतो पंचमी-षष्ठी बघते. पंचमीला भरती पावणेचारला, म्हणजे सव्वासहा तासांनी, दहाच्या सुमारास ओहोटी. शाळेच्या वेळेत खडक उघडे मिळतात. पौर्णिमा-अमावास्येला पाणी जास्त हटतं खरं, पण ती ओहोटी पहाटे-संध्याकाळी येते आणि भर दुपारी उधाण असतं. त्या दिवशी मुलांना नेऊ नका. पत्रात हे कारण लिहिलंत तर तांडेल (बोटीचा प्रमुख) असलेला बाप तुमच्यावर विश्वास टाकतो, कारण त्याच्या भाषेत तुम्ही बोललात.

ग्रुपवर गुण टाकू नका, कोणाचं मूल मागे आहे हे तर नाहीच नाही. ते एकेकट्याला फोनवर सांगा, आणि आधी मुलाने काय चांगलं केलं ते सांगून. ग्रुपवर फक्त शिक्षकांनाच लिहिता येईल अशी सोय करून घ्या, नाहीतर सुप्रभातच्या फुलांखाली तुमची चिठ्ठी सापडणार नाही.

दहावीच्या पालकांना जूनमध्येच सांगा, की भूगोलाचा लेखी पेपर 40 गुणांचा आहे, आणि नकाशा व आलेखाचे गुण सराव केला तर हमखास हातात येतात, नुसत्या पाठांतराने नाही. मुंबईकर वडिलांना प्रत्यक्ष भेटायचं असेल तर गणपतीसाठी ते गावी येतात तेव्हा भेटा. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, मुलांनी काढलेले वाडीचे नकाशे व्हरांड्यात लावून ठेवा. आपलं घर, विहीर, पऱ्या (ओहोळ), देऊळ शोधत ते थांबतात, चुका दाखवतात, आणि मग मुलाचा अभ्यास कसा चाललाय हे स्वतःहून विचारतात.