एकाला पाजते, दुसऱ्याला ढकलते

प्रश्न : अक्का नमस्कार, आमचं माण तालुक्यात तीन एकर रान आहे, गेल्या वर्षी घरापुरत्या चार दख्खनी मेंढ्या घेतल्या. आज पहाटे एक व्याली, जुळी झाली. मोठं कोकरू पितंय पण बारक्याला ती डोक्यानं ढकलून देते. आई म्हणते सरळ बाटली लाव. आणि दख्खनीला तर एकच होतं ना, मग जुळी कशी? गायीचं मिनरल मिक्श्चर घरात पडून आहे, ते मेंढ्यांना चालेल का?

उत्तर : तुला फोनवर लगेच सांगितलंच होतं, बाकीच्यांसाठी इथं लिहिते.

कोकराच्या पोटात तासा-दोन तासात चीक गेलाच पाहिजे बघ, कारण रोगाशी लढायची ताकद त्याला आईच्या पोटात मिळत नाही, ती चिकातूनच येते आणि एक दिवस सरला की त्याचं आतडं ती घेतच नाही. अडीच किलोच्या कोकराला पहिल्या वेळी सव्वाशे मिली आणि चोवीस तासात मिळून अर्धा लिटर, एवढा हिशोब धर. पण आधी त्याच्या तोंडात बोट घालून बघ. तोंड गार लागलं तर आधी पोत्यात गुंडाळून ऊब दे, गार पडलेल्या कोकराला पाजायची घाई केली की ते हातचं जातं.

मग मेंढीची कास बघ. गरम, कडक लागली, हात लावताच ती पाय झाडत असेल तर दगडी, म्हणजे कासेला सूज, आहे, दुखतंय म्हणून ती ढकलते, डॉक्टर बोलाव. कास मऊ असेल तर दोन्ही सडांतून पहिल्या धारा काढून टाक, सडाच्या तोंडाशी चिकट बूच असतं आणि बारक्या कोकराला ते ओढवत नाही. आता तिला चार-पाच फुटांच्या कप्प्यात दोन्ही पिलांसकट कोंड, तिचाच चीक बारक्याच्या पाठीला आणि शेपटीला चोळ कारण मेंढी पोर ओळखते ती वासानं, आणि दिवसातून पाच-सहा वेळा तिला भिंतीशी धरून ते सडाला लाव. शेपूट भराभरा हलायला लागली की समज दूध पोटात चाललंय. दोन-चार दिवसात बहुतेक मेंढ्या मानतात, म्हणून बाटली हा शेवटचा उपाय. लावलीच तर कोकरू उभं ठेवून पाज, मान मागं मोडू नकोस, दूध फुप्फुसात जातं.

जुळ्यांचं म्हणशील तर या मेंढीचा बाप कुठला मेंढा होता ते विचार. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनच्या गरोळ मेंढीतला जुळी देणारा जनुक दख्खनीत आणला, त्या मेंढ्यांना नारी सुवर्णा म्हणतात, आणि त्या रक्ताचे मेंढे आपल्याकडं फिरलेत. तसं असेल तर पुढच्या वेळी गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात रोज पाव किलो खुराक चालू ठेव, पोटातली पिलं तेव्हाच झपाट्यानं वाढतात. खुराक कमी पडला की असं बारकं, अशक्त निघतं.

गायीचं मिनरल मिक्श्चर अजिबात नको. त्यात तांबं असतं, गायीला चालतं पण मेंढीच्या यकृतात ते साठत जातं, कित्येक महिने काहीच दिसत नाही आणि मग एक दिवस खाणं बंद, डोळे पिवळे, लघवी लालकाळी, तोवर उशीर झालेला असतो. पिशवीवर मेंढ्यांसाठी असं लिहिलेलं असेल तेच आण, तोवर साधं मीठ चाटायला ठेव.