‘तोंड गेलं’ म्हणणारा मुलगा

“मॅडम, एकच सांगा. भीती घालवायला त्याला परत बोटीत बसवू की नको?” वडिलांनी खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं. मी समुपदेशक; सुट्टीनंतरच्या दिवसांत हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. बोटीच्या जागी कधी पाळणा असतो, कधी हत्ती, कधी गोव्याचा समुद्र.

हे कुटुंब बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं. आई, वडील, आजी आणि चार वर्षांचा मुलगा. त्याला इथे सोनू म्हणू. ओळख पटेल असे इतर तपशीलही बदलले आहेत. दसऱ्याच्या सुट्टीत सगळे एका धरणाच्या पाण्यावर बोटिंगला गेले होते. बोटीत पाय ठेवताच सोनूने आकांत मांडला. बोटवाला कन्नडमध्ये “अंजब्याड, अंजब्याड” (घाबरू नको) म्हणत राहिला. वडिलांनी त्याला मांडीत दाबून धरलं आणि फेरी पूर्ण केली. पैसे भरले होते, शिवाय ‘मुलग्याच्या जातीनं असं घाबरून कसं चालेल?’ तेव्हापासून आंघोळीला रोज रडारड.

“पाणी बघितलं की रडुलालाय बघा,” आई म्हणाली. आजीचं निदान वेगळं होतं. पाण्यावरचं काहीतरी लागलंय, म्हणून त्यांनी नदीकाठी आसरांची, म्हणजे पाण्यातल्या देवतांची, ओटी भरली होती, मीठमोहऱ्या ओवाळून दृष्टही काढली होती. मी आजीशी वाद घातला नाही. दृष्ट काढताना पाच-दहा मिनिटं सोनूला आजीच्या मांडीवर शांत बसायला मिळालं होतं, आणि त्या महिन्यात घरात त्याला तेवढीच उसंत मिळाली असावी.

तो पाण्यात पडला होता का, नाकातोंडात पाणी गेलं होतं का, हे मी आधी विचारलं. तसं झालं असेल आणि नंतर खोकला, उलट्या किंवा धाप लागली असेल, तर समुपदेशकाकडे नव्हे, ताबडतोब डॉक्टरकडे जायचं असतं. इथे तसं काही नव्हतं. बोटीत पाण्याचा शिंतोडाही त्याच्या अंगावर आला नव्हता.

माझ्या खोलीत एक पसरट टब आहे. त्यात चार बोटं पाणी घातलं, दोन प्लास्टिकच्या होड्या सोडल्या आणि मी कागद चाळत बसले. ज्या मुलाला पाण्याची भीती, तो पाचव्या मिनिटाला कोपरापर्यंत भिजला होता. आईवडील एकमेकांकडे बघू लागले. मग त्याने एक बाहुला होडीत बसवला, माझा हातरुमाल घेतला आणि बाहुल्याच्या गळ्याभोवती गुंडाळला. गळ्यावरून हनुवटी, हनुवटीवरून नाक. आणि बाहुला भिरकावून दिला.

“काय झालं रे त्याला?”

“तोंड गेलं.”

मी आईला त्या दिवसाचे फोटो मागितले. मोबाइलमध्ये होताच. लाल रंगाचं, मोठ्या माणसाचं लाइफ जॅकेट. त्याच्या खांद्यांवरून वर सरकलेलं, नाकापर्यंत आलेलं, वर फक्त दोन डोळे. घरच्या ग्रुपवर तो फोटो ‘आमचं कासव’ म्हणून फिरला होता. सगळे हसले होते. वडिलांनी आता तो परत पाहिला आणि फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

पुढचं आईनेच जुळवलं. आंघोळीत अंगावर पाणी चालायचं; डोक्यावरून तांब्या ओतला की किंकाळी. थंडी सुरू झाल्यावर गळ्यातून घालायच्या स्वेटरला नकार. माकडटोपी तर दाराबाहेर फेकलेली. “आम्हाला वाटलं, हट्ट करतोय,” आई म्हणाली. पाण्याशी यातल्या कशाचाच संबंध नव्हता. तोंड झाकलं जातं, श्वास कोंडतो आणि सोडवणारी माणसंच धरून ठेवतात, अशी ती भीती होती. चार वर्षांच्या मुलाकडे एवढं सांगायला शब्द नसतात, म्हणून तो रडतो, आणि रडताना समोर पाणी दिसत असतं म्हणून आपण त्याला पाण्याची भीती म्हणून मोकळे होतो.

वडिलांनी लगेच तोडगा काढला: “मग पुढच्या वेळी जॅकेटच नको. मी धरतो की घट्ट.” इथे मात्र मी समुपदेशकाचा मऊ आवाज बाजूला ठेवला. 18 जानेवारी 2024 रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली, 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका गेल्या. त्या बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि अनेकांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. बोट उलटली की पट्टीच्या पोहणाऱ्या बापाच्या हातूनही मूल सुटू शकतं. जॅकेट हवंच, पण त्याच्या मापाचं. मुलांचं जॅकेट वयावर नव्हे, वजनावर निवडायचं. कोणत्या वजनासाठी आहे ते आतल्या पट्टीवर छापलेलं असतं. सगळे बक्कल लावून झाले की खांद्यांना धरून वर उचलून बघायचं. ते हनुवटी-कानापर्यंत सरकलं तर मोठं आहे. लहान मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून येणारा पट्टा असेल तर फार बरं, कारण त्यानेच ते वर चढायचं थांबतं. काठावर मापाचं मिळालं नाही, तर त्या दिवशी काठावर कणसं खायची आणि घरी यायचं. फुगवायची रिंग ही जॅकेटची जागा घेत नाही.

भीतीचं काय? आमच्या क्षेत्रात एक जुनी गोष्ट आहे. 1924 साली मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या, तीन वर्षांच्याही आतल्या मुलाची सशाची भीती घालवल्याची हकिकत छापली. तो आवडीचं खात बसलेला असताना ससा लांब ठेवायचा आणि तो स्वस्थ राहील तेवढाच जवळ आणायचा. शंभर वर्षं झाली, आम्ही अजून साधारण तेच करतो. दाबून बसवलं की मूल थकून गप्प होतं आणि आपल्याला वाटतं, भीती गेली.

तेव्हा समोरून उघडणारं छोटं जॅकेट घरी आणलं आणि आठवडाभर ते नुसतं दाराला टांगलं. मग ते अस्वलाला चढलं. वडिलांनीही एक आणलं होतं. त्यांचे बक्कल सोनू लावायचा. तो ‘खट्’ आवाज त्याला इतका आवडला की जेवताना बाबांना जॅकेट घालून बसावं लागे. आंघोळीत तांब्या त्याच्याच हातात दिला. ‘बस’ म्हटलं की थांबायचं, एवढा एकच नियम, आणि तो मोठ्यांनी पाळायचा होता. आजी दोनदा चुकल्या. सोनूने त्यांना रागावून घेतलं.

बोटीसाठी धरणाची घाई नको म्हटलं. बेळगावला किल्ला तलाव आहे. पहिल्या रविवारी काठावरून नुसत्या होड्या बघितल्या, तिथला 110 मीटरचा ध्वजस्तंभ मान मागे टाकून बघितला, आणि परत गेले. दुसऱ्या रविवारी तो जॅकेट घालून धक्क्यापर्यंत गेला आणि “आज नको” म्हणाला. वडिलांचा त्या संध्याकाळचा फोन जरा कडवट होता. मी त्यांना सांगितलं की लहानपणीच्या बहुतेक भीत्या अशाच रेंगाळत जातात. सहा महिने उलटूनही शाळा, झोप, जेवण बिघडत असेल तर वेगळा विचार करू.

फेब्रुवारीत परत फोन आला. बसला होता. अर्ध्या तासाचं तिकीट. दहा मिनिटांनी, तलावाच्या मधोमध सोनू “बस” म्हणाला. रडला नव्हता, घाबरलाही नव्हता बहुधा. बोटवाल्याने उरलेले पैसे परत मिळणार नाहीत असं बजावलं.

“मग?” मी विचारलं.

“मग काय, वळवली की बोट,” वडील म्हणाले.