वेस्ट विंडसर की आयझेलिन? भाचीच्या प्रश्नाला उत्तर

तुझा मेल दोनदा वाचला. भाचेजावयांचं ऑफिस जर्सी सिटीत, थोरली ११ वर्षांची, धाकटा ५ वर्षांचा. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात भाड्याच्या घरासाठी दोन पर्याय तुमच्यासमोर आहेत. एक वेस्ट विंडसरमधलं दोन बेडरूमचं अपार्टमेंट, दुसरं आयझेलिनमध्ये तेवढंच घर, भाडं महिन्याला ७०० डॉलरने कमी. वेस्ट विंडसर आणि शेजारचं प्लेन्सबरो यांच्या एकत्र शाळांचं नाव आता कोथरूडपर्यंत पोचलंय, तेव्हा तुमचा जीव तिकडे ओढ घेणं साहजिक आहे. पण तू शेवटी विचारलंस तोच खरा प्रश्न: "मावशी, पोरं पस्तिशीची होतील तेव्हा या शाळेमुळे त्यांच्या आयुष्यात काही फरक पडलेला असेल का गं?"

तुमच्या परिस्थितीत तो फरक ७०० डॉलरचा नाही. आयझेलिनला घर घ्या. का ते आता सविस्तर सांगते, कारण नुसतं माझं मत ऐकून तू घर ठरवू नयेस.

आधी इथली रीत समजून घे. पुण्यात शाळा म्हणजे फॉर्म, मुलाखत, डोनेशन. इथे सरकारी शाळा पत्त्यावर मिळते. घराचं लीज आणि विजेचं बिल दाखवलं की त्या गावच्या शाळेत मुलाची जागा पक्की, फी नाही. मात्र खोटा पत्ता देण्याच्या फंदात कुणी सांगितलं तरी पडू नका. सापडलं तर डिस्ट्रिक्ट, म्हणजे गावच्या शाळा चालवणारं मंडळ, मागच्या दिवसांची फी वसूल करू शकतं. न्यू जर्सीत साडेपाचशेहून जास्त नगरपालिका आहेत आणि बहुतेकांची शाळा आपापली. त्या शाळांचा मोठा खर्च गावच्या प्रॉपर्टी टॅक्समधून निघतो. इथला सरासरी टॅक्स वर्षाला १०,००० डॉलरच्या घरात आहे, देशात सगळ्यात जास्त. भाडेकरू तो थेट भरत नाही, पण भाड्यात तो असतोच. म्हणजे शाळेचं नाव वाढलं की घरं महागतात, आणि ती महागली की त्याच ऐपतीची माणसं तिथे येतात. सँड्रा ब्लॅक या अर्थतज्ज्ञ बाईंनी बॉस्टनच्या उपनगरांत हद्दीच्या अलीकडची आणि पलीकडची घरं ताडून पाहिली होती. वस्ती तीच, पण शाळा वेगळी. १९९९ साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात शाळेचे गुण ५ टक्के जास्त असले की घराची किंमत साधारण अडीच टक्के जास्त निघाली. म्हणजे आईबाप त्या आकड्याचे पैसे खरोखर मोजतात. मोजून काय मिळतं, हा पुढचा प्रश्न.

इंटरनेटवर प्रत्येक शाळेपुढे १ ते १० मधला आकडा दिसतो ना, तो मुख्यतः तिथल्या मुलांच्या परीक्षेतल्या गुणांवरून येतो. ज्या गावात निम्मे आईबाप औषध कंपन्यांत शास्त्रज्ञ, प्रिन्स्टनमध्ये प्राध्यापक किंवा आयटीतले, तिथे मुलांचे गुण चांगले येणारच. जेम्स कोलमन यांचा १९६६ चा गाजलेला अहवाल हेच सांगून गेला की मुलांच्या गुणांमधला फरक शाळेच्या सोयींपेक्षा घरावरून जास्त ठरतो. तुझी पोरगी ज्या गावात जाईल तिथे तुझं घर तिच्याबरोबर जाणारच आहे.

आता माझी दोन पोरं. थोरला पहिलीपासून बारावीपर्यंत इथल्या अत्यंत नावाजलेल्या डिस्ट्रिक्टमध्ये शिकला. २०१७ मध्ये तो बाहेर पडला, त्याच वर्षी तुझ्या काकांची नोकरी बदलली आणि आम्ही एका साध्या गावात आलो. धाकटीचं हायस्कूल तिथे झालं. थोरल्याला शाळेने खूप दिलं, ते मी नाकारणार नाही. कॅल्क्युलस तो अकरावीतच शिकला. त्याच्या केमिस्ट्रीच्या बाई तर अशा होत्या की तो अजून त्यांना पत्र लिहितो. पण दहावीत गणिताच्या वरच्या वर्गातून त्याला खाली उतरवलं तेव्हा मुलांना विषय-वर्ग ठरवायला मदत करणाऱ्या काउन्सेलरने चार मिनिटांत विषय संपवला. तिच्याकडे माझ्या मुलासारखी शेकडो मुलं होती. त्या रात्री तो मला म्हणाला, "आई, मला गणित येतच नाही." देशातल्या कुठल्याही साधारण शाळेत तो गणितातला पहिल्या पाचातला मुलगा ठरला असता. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला हे कसं कळावं? त्याला त्याच्या वर्गातली वीस डोकी दिसत होती, आणि त्या विसात तो तेरावा होता. पुढे तो रटगर्सला, न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठात गेला तेव्हा वसतिगृहात त्याच्या शेजारच्या खोलीत अशा गावाचा मुलगा होता ज्याचं नावही आम्ही ऐकलं नव्हतं. दोघं एकाच वर्गात, एकाच परीक्षेला बसले. आज दोघंही विमा कंपन्यांत आकडेमोडीची नोकरी करतात. धाकटीच्या शाळेत एपीचे, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे विषय कमी होते, प्रयोगशाळा जुनी होती. पण मुख्याध्यापक तिला नावाने ओळखायचे. बँडमध्ये ती पुढे उभी राहिली, विज्ञान प्रदर्शन तिनेच चालवलं. ती आज सिव्हिल इंजिनिअर आहे. मीटिंगमध्ये तोंड उघडायला ती घाबरत नाही. थोरला अजून घाबरतो.

दोन पोरांवरून नियम काढू नये हे मलाही कळतं. म्हणून इतकी वर्षं मी या विषयावरचं जे मिळेल ते वाचत आले.

एमआयटीचे पराग पाठक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉस्टन आणि न्यूयॉर्कमधल्या प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या नामवंत सरकारी शाळांचा अभ्यास केला. (आडनावावरून आपल्याकडचे वाटतात, पण त्यांचे आईवडील नेपाळहून आलेले.) बॉस्टन लॅटिन, स्टायव्हसंट असल्या शाळांत एकदोन गुणांनी आत गेलेली मुलं एकीकडे, आणि एकदोन गुणांनी हुकलेली मुलं दुसरीकडे. दोघांची कुवत जवळपास सारखी. पुढे परीक्षांचे गुण पाहिले, कॉलेज पाहिलं, तर आत गेलेल्यांना म्हणावा असा फायदा दिसला नाही. २०१४ मध्ये तो निबंध छापून आला. या शाळा शहरातल्या परीक्षेच्या आहेत, उपनगरातल्या पत्त्याच्या नव्हेत, हे खरं. पण हुशार सोबत्यांच्या गर्दीत बसवलं की मूल आपोआप वर चढतं, या आपल्या समजुतीलाच त्याने धक्का बसतो. इंग्लंडमध्ये मर्फी आणि वाइनहार्ट यांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांचं पाहिलं. सारखेच गुण असलेल्या दोन मुलांपैकी जो आपल्या वर्गात वरच्या क्रमांकावर होता, तो पुढे माध्यमिक शाळेत जास्त चांगला चालला. हे वाचलं तेव्हा मला माझ्या पोराचा तो तेरावा नंबर आठवला.

आता दुसरी बाजू, आणि ती तितकीच खरी आहे. दिल्लीत जन्मलेले राज चेट्टी आता हार्वर्डला आहेत. त्यांनी १९९०च्या दशकातल्या एका सरकारी प्रयोगातल्या मुलांचा मागोवा घेतला. बाल्टिमोर, बॉस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कमधल्या अतिशय गरीब वस्त्यांतल्या काही कुटुंबांना सोडतीने चांगल्या वस्तीत घर घ्यायला मदत मिळाली होती. ज्यांची मुलं १३ वर्षांच्या आत तिथे गेली, त्या मुलांची विशीच्या मध्यावरची कमाई मागे राहिलेल्यांपेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त निघाली. जी मुलं त्याहून मोठी झाल्यावर गेली, त्यांना तो लाभ मिळाला नाही. म्हणजे मूल कुठे वाढतं याने फरक पडतो, आणि लहान वयात जास्त पडतो. पण नीट बघ, तिथला फरक गोळीबाराच्या आवाजात झोपणारी वस्ती आणि शांत वस्ती यांच्यातला होता. तुझ्यासमोरचा फरक चांगली शाळा आणि फार गाजलेली शाळा यांच्यातला आहे. पहिल्या फरकासाठी मी घर विकायला सांगेन. दुसऱ्यासाठी महिन्याला ७०० डॉलर द्यायला सांगणार नाही.

वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोबद्दल तुला एक गोष्ट ठाऊक असायला हवी. २०१५ मध्ये तिथले सुपरिंटेंडंट डेव्हिड एडरहोल्ड यांनी पालकांना सोळा पानी पत्र लिहिलं. मुलांवर ताण इतका वाढलाय की आपण थांबून विचार करायला हवा, असा त्याचा मथितार्थ. मग हायस्कूलमधल्या सत्राच्या मोठ्या परीक्षा बंद झाल्या, काही रात्री गृहपाठाविना ठरल्या, आणि चौथी-पाचवीतला गणिताचा वेगवान वर्ग बंद झाला. पालकांत त्यावरून उभी फूट पडली. विरोधात उभे राहिलेल्यांत आपल्यासारखे आशियाई पालक पुष्कळ होते. मला त्यांचा राग येत नाही. परीक्षेच्या शिडीवरूनच आपण इथवर आलो, ती शिडी कुणी काढून घेतोय असं वाटलं की पोटात गोळा येतोच. पण डिस्ट्रिक्टच्या प्रमुखालाच असं पत्र लिहावं लागतं, तेव्हा आत काय चाललंय ते समजून घ्यावं. त्या शाळा वाईट नाहीत. चांगल्या आहेत, शिक्षक मनापासून शिकवतात. तुझी पोरगी मात्र सहावीत, नव्या देशात, नव्या उच्चारांत, एकही मैत्रीण नसताना तिथे उतरणार आहे. मी तिला पहिली दोन वर्षं जरा मोकळा श्वास घेऊ देईन.

आता व्हिसाचं बोलते, कारण पस्तिशीतलं आयुष्य शाळेच्या आकड्यापेक्षा याने जास्त ठरेल. भाचेजावई एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, म्हणजे तू आणि मुलं एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर. तुला सुरुवातीला नोकरी करता येणार नाही. ग्रीन कार्डच्या अर्जाचा ठरावीक टप्पा मंजूर झाला तरच परवानगी मिळते, आणि भारतीयांची रांग फार लांब आहे. मुलं २१ वर्षांची झाली की एच-४ संपतो. थोरलीला त्याला जेमतेम दहा वर्षं आहेत. एच-४वरच्या मुलाला कॉलेजसाठी केंद्र सरकारची आर्थिक मदत मिळत नाही. तेव्हा हिशेब मांड: महिन्याला ७०० म्हणजे वर्षाला ८,४०० डॉलर. सहावी ते बारावी ही सात वर्षं धरली तर ५८,८०० डॉलर, व्याज न धरता. राज्यातल्या मुलांना रटगर्सला जे शुल्क पडतं, त्याची आजच्या दराने तीनेक वर्षं यातून निघतील, राहण्याजेवणाचा खर्च सोडून. तुमच्या व्हिसावर राज्यातल्या मुलांचा दर लागू होतो का, हे त्या त्या वेळी कॉलेजला लेखी विचारून घ्यायचं. नाही झाला तर ही शिल्लक आणखीच मोलाची.

प्रवासाचंही बघ. वेस्ट विंडसरमधून प्रिन्स्टन जंक्शनला गाडी लावायची, न्यूअर्कला उतरायचं, तिथून पाथ ही लोकल पकडून जर्सी सिटी. घरापासून ऑफिसपर्यंत दीड तास धर. आयझेलिनला मेट्रोपार्क स्टेशन आहे, मार्ग तोच पण बराच जवळून. बाप संध्याकाळी सातच्या आधी घरी आला तर पोरीला गणित शिकवणारा शिक्षक घरातच मिळाला. शिवाय भारतीय दुकानांचा ओक ट्री रोड तिथेच आहे. पहिल्या वर्षी तुझ्याकडे गाडी चालवायचा परवाना नसेल, तेव्हा चालत जाऊन कोथिंबीर आणि ज्वारीचं पीठ आणता येणं, वाटेत दोन माणसांशी बोलता येणं, हे तुझ्या मनासाठी केवढं मोठं आहे ते मी सांगते. आमची पहिली दोन वर्षं अशा सुंदर गावात गेली जिथे मला बर्फ आणि पोस्टमन सोडून दिवसभर कुणी दिसायचं नाही. आई घरात कोमेजलेली असली की मुलांच्या गुणपत्रिकेत ते दिसतं.

आणि ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते: न्यू जर्सीत काही हायस्कूल गावाची नसून काउंटीची, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाची असतात. आयझेलिन मिडलसेक्स काउंटीत येतं. एडिसनला मिडलसेक्स काउंटी अकॅडमी आहे, विज्ञान, गणित आणि इंजिनिअरिंगची. आठवीत अर्ज करायचा, काउंटीतल्या कुठल्याही गावचं मूल चालतं. पोरीला खरोखर त्या वाटेची ओढ असली तर दार उघडं आहे, आणि त्यासाठी महागडा पत्ता लागत नाही. वेस्ट विंडसर मर्सर काउंटीत जातं, त्यामुळे तिथून हे दार मिळत नाही.

शाळा तपासायचीच असेल तर तो १ ते १० चा आकडा सोड. राज्याचं शिक्षण खातं दरवर्षी प्रत्येक शाळेचा अहवाल काढतं, तो उघड. शाळेचे दहा टक्के किंवा जास्त दिवस बुडवणारी मुलं किती, ते त्यात असतं. शाळेत मुलांना यावंसं वाटतं की नाही, हे मला गुणांपेक्षा त्यावरून जास्त कळतं. मग शाळेला फोन करून विचार: आठवीत अल्जेब्रा घेता येतो का, बाहेरून आलेल्या मुलीला गणिताच्या वरच्या वर्गात जायची परीक्षा कधी देता येते, एका काउन्सेलरकडे किती मुलं असतात. धाकट्याच्या बोलण्याबद्दल तू काळजी लिहिली आहेस. त्याला खास मदत लागली तर ती सेवा कशी मिळते तेही विचार. हा एकच मुद्दा असा आहे की ज्यावर माझं मत फिरू शकेल. त्याला खरोखर मदत लागणार असेल आणि एखादं डिस्ट्रिक्ट ती जास्त नीट देत असेल, तर तिथे जा, भाडं कितीही असो.

लीज एकाच वर्षाचं करा. निघताना दोघांचे जन्मदाखले, शाळेचे दाखले आणि लसीकरणाची पुस्तकं हातातल्या बॅगेत ठेव, लगेजमध्ये नको. लशींच्या नोंदी इंग्रजीत, डॉक्टरांच्या सही-शिक्क्यासकट लागतात. भारतातून आलेल्या मुलांची शाळा टीबीची तपासणी मागते. आपल्याकडे बीसीजी दिलेली असल्यामुळे हातावरची सुईची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, मग एक्स-रे आणि धावपळ. डॉक्टरांना आधीच रक्ताच्या चाचणीबद्दल विचार. ऑगस्टच्या मध्यापर्यंत पोचलात तर शाळा सुरू व्हायच्या आत सगळं होईल. तिकीट काढलंस की तारीख कळव, न्यूअर्कला मी येईन.